हातांची विद्या

मुलांनो, मी आयुष्यभर शिक्षक होतो आणि नोकरीच्या अखेरच्या वर्षांत मुख्याध्यापकही होतो. दरवर्षी २ ऑक्टोबरला गांधीजयंतीच्या सभेत मी 'स्वावलंबन' या विषयावर भाषण करीत असे. त्या भाषणात एक गोष्ट ठरलेली असे. दक्षिण आफ्रिकेत वकिली करीत असताना गांधीजींनी आपली कॉलर आपल्याच हातांनी धुऊन तिला खळ घालण्यास प्रारंभ केला. पहिल्या दिवशी खळ इतकी जास्त झाली, की न्यायालयात ती कॉलरवरून गळू लागली आणि सोबतचे वकील हसले. पुढे प्रिटोरिया शहरातील एका गोऱ्या न्हाव्याने त्यांचे केस कापण्यास तुच्छतेने नकार दिला. तेव्हा गांधीजींनी केस कापण्याचे यंत्र विकत आणले आणि आरशासमोर उभे राहून स्वतःच आपले केस कापले. मागचे केस वेडेवाकडे कापले गेले. पुन्हा सारे हसले. परंतु गांधीजींनी आपला नेम सोडला नाही.

ही गोष्ट मी निदान वीस वेळा तरी सांगितली असेल. मात्र त्या सभेला जाताना माझ्या अंगावर जो सदरा असे, तो दुसऱ्या कोणीतरी धुतलेला असे. त्याचे तुटलेले बटण दुसऱ्या कोणीतरी लावून दिलेले असे. आणि सभेहून परतल्यावर मी ज्या पानावर बसे, ते दुसऱ्याच कोणीतरी वाढलेले असे. हे 'कोणीतरी' म्हणजे माझी पत्नी. या विसंगतीची मला लाज वाटावयास हवी होती. ती वाटली नाही, कारण ती माझ्या ध्यानातच आली नव्हती. ती ध्यानात कशी आली, त्याची हकीकत आज मी तुम्हांला सांगणार आहे.

२०२० सालच्या मार्च महिन्यात कोरोनाची साथ पसरू लागली आणि २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी सुरू झाली. तुम्ही त्या वेळी अगदी लहान होता. मी सेवानिवृत्त होऊन पुण्याच्या एका उपनगरात, दुसऱ्या मजल्यावरील सदनिकेत राहत होतो. माझी पत्नी मुलीच्या बाळंतपणासाठी नाशिकला गेली होती. ती तिकडेच अडकली. माझा जेवणाचा डबा खाणावळीतून येत असे, तोही बंद झाला. घरात तांदूळ, डाळ, ज्वारीचे पीठ, तेल, मीठ सारे काही होते. त्यांपासून अन्न तयार करणारे हात मात्र नव्हते.

दोन दिवस मी केळ्यांवर आणि बिस्किटांवर काढले. तिसऱ्या दिवशी धीर करून भात शिजत लावला. तो खाली करपला आणि वर कच्चा राहिला. घरभर धूर कोंडला म्हणून मी दार उघडले, तो समोर जिन्यावर एक मुलगी उभी! आमच्या इमारतीच्या पहारेकऱ्याची ती मुलगी. वय अकरा वर्षांचे. तोंडाला रुमाल बांधून ती पायरीवर थांबली होती.

"आजोबा, काही जळतंय का?" तिने विचारले.

"भात केला होता, बाळ."

"पाणी किती घातलं होतं?"

"घातलं होतं थोडं."

ती हसली नाही. हसली असती तर मला बरे वाटले असते. वर्गात चुकलेल्या मुलाला शिक्षक समजावून सांगतो, तशा गंभीरपणे ती म्हणाली, "तांदळावर बोटाचं एक पेर बुडेल एवढं पाणी घाला. उकळी आली की आच बारीक करा आणि झाकण ठेवा. मधेमधे उघडून बघू नका."

त्या दुपारी मी माझ्या हातचा भात खाल्ला. एम. ए. ची पदवी हाती आली तेव्हा झालेल्या आनंदाहून तो आनंद कमी नव्हता. परंतु त्या आनंदाबरोबर एक प्रश्नही मनात उभा राहिला. मी उण्यापुऱ्या साठ वर्षांचा, ती अकरा वर्षांची. मग त्या दिवशी आमच्या दोघांत सुशिक्षित कोण होते?

पुढे भाकरीचा पाठ सुरू झाला. तो उंबऱ्याच्या दोन बाजूंना बसून चाले. ती आपल्या परातीत पीठ घेई, मी माझ्या. तिची भाकरी चंद्रासारखी वाटोळी होई. माझी थापता थापताच भेगाळे. तिने माझे पीठ दुरूनच पाहिले आणि निदान केले, "पीठ जुनं झालंय, आजोबा. त्याची विरी गेलीय. पाणी चांगलं कढत घ्या आणि खूप मळा." तिचे म्हणणे अक्षरशः खरे ठरले. या उपायामागील कारण मी नंतर पुस्तकांत शोधले. गव्हाच्या पिठात चिकटपणा आणणारे जे प्रथिन असते, ते ज्वारीत नसते. कढत पाण्याने ज्वारीतील पिष्टमय पदार्थ फुगतो व चिकट होतो, आणि त्यामुळे पीठ एकसंध राहते. ही कारणमीमांसा त्या मुलीला ठाऊक नव्हती. पण भाकरी तिला येत होती. मला मीमांसा वाचता येत होती. पण भाकरी येत नव्हती. विद्येचे हे दोन तुकडे एकमेकांपासून दूर पडले, हीच आपल्या शिक्षणातील मोठी उणीव आहे असे माझे मत झाले, आणि तेच या लेखात मला मांडावयाचे आहे.

यावर एक आक्षेप घेतला जातो, आणि तो फेटाळून लावण्याजोगा नाही. लोक म्हणतात, 'ज्याचे काम त्याने करावे. डॉक्टराने भाकऱ्या थापीत बसावे काय? शिंप्याने शिवावे, माळ्याने पिकवावे, आपण पैसे देऊन वस्तू घ्यावी. यातच सर्वांचे हित आहे.' श्रमविभागाचे हे तत्त्व मला मान्य आहे. कोणाही माणसाला आपल्या सर्व गरजा एकट्याने भागविता येत नाहीत. आपण जे मीठ खातो तेदेखील कोणा आगरात राबणाऱ्या माणसाने पिकविलेले असते. मिठापासून सुईपर्यंत सर्व काही स्वतःच करू म्हणणे हा अहंकार होय. परंतु पैसे देऊन वस्तू घेणे वेगळे आणि पैसे देण्यावाचून दुसरा उपायच नसणे वेगळे. पहिल्यात आपण निवड करतो. दुसऱ्यात आपण अगतिक असतो. टाळेबंदीच्या त्या तिसऱ्या दिवशी माझ्या पाकिटात पैसे होते, तरीही मी उपाशी होतो.

आणखी एक गोष्ट. जे काम आपण कधीच केले नाही, त्याचे मोल आपल्याला कळत नाही. त्याच उन्हाळ्यात मी गॅलरीतील एका पसरट कुंडीत मेथी पेरली. स्वयंपाकघरातील डब्यातलेच मेथीचे दाणे रात्रभर भिजविले आणि दाट पेरले. पहिल्या खेपेस अति पाणी घातल्यामुळे ते कुजले. दुसऱ्या खेपेस मात्र चार दिवसांत अंकुर वर आले. पुढे तीन आठवडे मी रोज पाणी घातले, ऊन पाहिले, चिमण्यांपासून रोपे राखली. पंचवीस दिवसांनी भाजी काढली, तेव्हा तिची एक जुडी काही भरली नाही. मुलांनो, त्या दिवसापासून मी भाजीवाल्या बाईंशी मेथीच्या जुडीसाठी घासाघीस केलेली नाही. त्या एका कुंडीने मला शेतकऱ्याविषयी जे शिकविले, ते चाळीस वर्षे वाचलेल्या धड्यांनी शिकविले नव्हते.

आता त्या मुलीकडे परत येऊ. एके दिवशी मी तिला विचारले, "तू कितवीत आहेस?" ती म्हणाली, "सहावीत जाणार." शाळा बंद होत्या आणि पुढे धडे मोबाईलवर येऊ लागले. तिच्या घरी मोबाईल एकच होता आणि तो वडील कामावर घेऊन जात. भाकरी, धुणे, धाकट्या भावाची देखभाल यांत तिचा दिवस संपे. तिच्या हातांच्या कौशल्याचे मी कौतुक करीत होतो. पण ते कौशल्य तिने हौसेने मिळविलेले नव्हते, ते तिच्यावर पडलेले होते. केवळ हात राबावेत आणि पुस्तक मिटलेले राहावे, हे स्वावलंबन नव्हे. म्हणून आम्ही एक करार केला. सकाळी तिने मला स्वयंपाक शिकवावा, संध्याकाळी जिन्याच्या पायऱ्यांवर अंतर ठेवून मी तिला मराठी व गणित शिकवावे. भाकरीचे चार भाग करून मी तिला अपूर्णांक समजाविले. तिच्याजवळ काही कमी होते, माझ्याजवळही काही कमी होते. आम्ही देवघेव केली. ज्याच्याजवळ देण्यासारखे काही असते, त्यालाच मान ताठ ठेवून घेता येते.

पूर्वीची खेडी स्वयंपूर्ण होती असे आपण अभिमानाने सांगतो. सुतार, लोहार, कुंभार, चांभार असे बलुतेदार गावाची कामे करीत आणि सुगीला धान्याच्या रूपाने आपले बलुते घेत. त्या कारागिरांचे कौशल्य थोर होते यात शंका नाही. परंतु त्या व्यवस्थेत कोणते काम कोणी करावे हे जन्माने ठरे, आणि हाताने राबणाऱ्यालाच समाज खालचा समजे. गाव स्वयंपूर्ण होते. गावातील माणसे मात्र मोकळी नव्हती. आपल्याला ते दिवस परत आणावयाचे नाहीत. आपल्याला हवी आहे ती अशी विद्या, जी ब्राह्मणाच्या व कुंभाराच्या, साहेबाच्या व पहारेकऱ्याच्या, मुलाच्या व मुलीच्या हातांत सारखीच असेल. मुलींनी घरकाम शिकावे आणि मुलांनी आयत्या ताटावर बसावे, हा भेद तर आजही कित्येक घरांत आहे. माझ्या घरात तो होता, हे मी सुरुवातीलाच कबूल केले आहे.

हा विचार आपल्या महाराष्ट्राला नवा नाही. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन केली. श्रम करून शिकण्याची वाट त्यांनी गोरगरिबांच्या मुलांना दाखविली आणि सर्व जातींच्या मुलांना एका वसतिगृहात एकत्र ठेवले. १९३७ सालच्या ऑक्टोबर महिन्यात वर्धा येथे शिक्षण परिषद भरली. हातांच्या उद्योगातूनच मुलांना भाषा, गणित व विज्ञान शिकवावे, असा विचार गांधीजींनी तिच्यापुढे मांडला. 'नई तालीम' या नावाने तो ओळखला जातो. पुढे १९६४ ते १९६६ या काळातील कोठारी आयोगानेही शिक्षणात कार्यानुभवाला स्थान द्यावे अशी शिफारस केली, आणि शाळेच्या वेळापत्रकात कार्यानुभवाचा तास आला.

त्या तासाचे आमच्या शाळेत काय झाले? परीक्षा जवळ आली की गणिताचे शिक्षक माझ्याकडे येत आणि म्हणत, "सर, कार्यानुभवाचा तास मला द्या." मी तो देत असे. मुलांचे गुण वाढत आणि शाळेचे नाव होई. पण शिवणाच्या सुया पेटीत गंजत पडत. हा दोष सरकारचा नव्हे आणि गणिताच्या शिक्षकांचाही नव्हे. वेळापत्रकावर सही माझी होती. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तराविना राहावे आणि सुतार, माळी, कुंभार अशा जाणत्यांच्या हाताखाली काम करून पाहावे, असे म्हटले आहे. तुमच्या शाळेत ते दहा दिवस आले, तर त्यांना सुट्टी समजू नका.

काही मुले म्हणतील, "आमच्याजवळ शेत नाही, अंगण नाही. आम्ही काय करणार?" कोकणातील जुन्या घरांत न्हाणीचे सांडपाणी परसात सोडीत आणि त्यावर अळू व केळ वाढवीत. वाया जाणारे पाणी आणि रिकामी जागा, एवढ्यावरच ती परसबाग उभी असे. ही दृष्टी ज्याच्याजवळ आहे, त्याला जागा सापडते. मुंबईच्या किनाऱ्यालगत वाळूत मेथी पिकवितात आणि तिच्या इवल्याशा जुड्या 'समुद्रमेथी' म्हणून बाजारात येतात. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघराच्या गच्चीवर तेथील कर्मचाऱ्यांनी २००२ सालापासून बाग फुलविली. तेथे सुमारे ३,००० माणसांचे अन्न शिजत असे. भाज्यांच्या साली, देठ आणि उरलेले अन्न यांचे त्यांनी खत केले आणि त्यावर फळझाडे व भाज्या वाढविल्या. कोल्हापूरचे श्रीपाद अच्युत दाभोळकर हे मुळात गणिताचे शिक्षक. त्यांनी 'प्रयोग परिवार' उभा केला. सामान्य माणसाने आपल्या हाताशी असलेल्या जागेत प्रयोग करावा, जे दिसेल ते नोंदवावे आणि इतरांस सांगावे, अशी त्यांची शिकवण होती. खिडकीतील एक कुंडी हीदेखील प्रयोगशाळा होऊ शकते.

काय काय शिकाल? तळाला भोके पाडलेल्या बादलीत वाळलेल्या पाल्याचा थर द्या, त्यावर भाजीची देठे व साली टाका, पुन्हा पाला घाला. ते मिश्रण पिळलेल्या फडक्याइतके ओलसर ठेवा आणि अधूनमधून खालीवर करा. दोन-तीन महिन्यांत काळेभोर, मातीचा वास असलेले खत मिळेल. धने पेरण्यापूर्वी हलकेच रगडून दोन फाकी करा, कारण एका धन्यात दोन बिया असतात. कोमट दुधाला चमचाभर दह्याचे विरजण लावून पाहा; दूध फार गरम असेल तर दही का लागत नाही, याचा विचार करा. धावदोरा घालावयास शिका. जुन्या लुगड्यांची गोधडी ज्या टाक्यांनी शिवतात, तो टाका हाच. बटण लावताना ते कापडाला अगदी घट्ट चिकटवू नका. काजाच्या जाडीइतका दोरा सैल ठेवा, म्हणजे बटण सहज लागेल. घरातील नळ गळत असेल तर त्याखाली रात्रभर बादली ठेवून सकाळी पाणी मोजा. सेकंदाला एक थेंब गळला, तरी दिवसाला ८६,४०० थेंब होतात. मग मोठ्यांच्या मदतीने त्याचा वायसर बदला. मात्र विस्तव आणि धारदार हत्यारे यांच्याजवळ मोठी माणसे जवळ असल्यावाचून जाऊ नका, आणि विजेच्या वस्तू उघडू नका. स्वावलंबन म्हणजे धाडस नव्हे.

यांतील बहुतेक गोष्टी तुम्हांला पहिल्या खेपेस जमणार नाहीत. भाकरी मोडेल, बी कुजेल, सुई बोटाला टोचेल, घरचे हसतील. गांधीजींनाही वकील हसले होते, हे ध्यानात ठेवा.

जून महिन्यात माझी पत्नी नाशिकहून परत आली. त्या संध्याकाळी मी तिला पाटावर बसविले आणि गरम भाकरी, गॅलरीतील मेथीची भाजी व भात असे पान वाढले. भाकरीला एका बाजूने चीर गेली होती. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "इतक्या वर्षांत मला गरम भाकरी कोणी वाढली नव्हती." मी मान खाली घातली. स्वयंपाक करणाऱ्याचे पान सर्वांच्या शेवटी असते, हे मी रोज पाहिले होते. पण मला ते कधी दिसले नव्हते.

'आपला हात जगन्नाथ' अशी एक म्हण आपल्या भाषेत आहे. आपल्या हाती पळी असली की हवे तेवढे आपल्या पानात वाढून घ्यावे, असा तिचा अर्थ लोक लावतात. मला तिच्यात आणखी एक अर्थ दिसू लागला आहे. ज्याच्या हाती पळी आहे, त्याला दुसऱ्याच्या पानातही वाढता येते. मुलांनो, येत्या रविवारी घरातील एक काम निवडा. ज्या माणसाने ते आजवर तुमच्यासाठी केले, त्याच्याजवळ बसून ते शिकून घ्या. आणि पुढच्या रविवारी ते त्या माणसासाठी करा.